लख्ख अंधार
कंपनीने हेडलाइटला ६०/५५ वॉटचा एच-फोर बल्ब दिला, हा तिचा कद्रूपणा. खरा उजेड अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतो, १००/९० वॉटचा. जाड वायर आणि रिलेला मात्र ‘काही गरज नाही, साहेब’ म्हणून फाटा. मग होल्डर वितळतो, स्विच जळतो. त्याहून हौशी माणूस एलईडी ठोकतो. रिफ्लेक्टर बेतलेला असतो हॅलोजनच्या फिलामेंटच्या जागेवर, त्यामुळे प्रकाश रस्ता सोडून थेट समोरच्याच्या डोळ्यांत. कशेडी घाटात तो बिचारा डिपर मारून विनवतो. आपल्याला वाटतं, कौतुक करतोय. शेवटी तोही तसलेच बल्ब बसवून घेतो. समता अशीच येते: दिसत दोघांनाही नाही, पण कमी उजेडाची तक्रार कुणाचीच नाही.