भलं करायचंय? फॉर्म भरा

लोकांचं भलं करायचं असेल तर हल्ली आधी फेलोशिपचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. मग फोनवर मुलाखत, मग दिवसभराचं निवडसत्र, त्यात गटचर्चा, आणि फेलोशिप शिकवण्याची असेल तर पाच मिनिटांचा नमुना पाठ. हे सगळं पार पाडल्यावर मेल येऊ शकतो की यंदा अर्ज फार आले होते. म्हणजे भलं करायलाही रांग आहे आणि आपला नंबर लागलेला नाही. आमच्या काळी समाजसेवेला कुणी नाही म्हणत नसे. घरचे सोडून.

माझी भाची पुण्यात बीएस्सी झाली आणि दोन वर्षं फेलोशिप करणार असं तिनं जाहीर केलं. भावोजींनी पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?"

"पगार नाही हो बाबा, स्टायपेंड असतो."

सीए करणाऱ्या पुतण्यामुळे हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता, त्यामुळे क्षणभर त्यांना आशा वाटली. मग आकडा कळला. "सेवा रिटायर झाल्यावर करतात," भावोजी म्हणाले. त्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आहेत. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडणं, एवढीच त्यांच्या हातून झालेली सेवा. पण भाचीच्या भल्यासाठी मी गप्प बसलो.

मामा निबंध लिहितो, तेव्हा फॉर्म मामानं तपासायचा असं ठरलं. पहिला प्रश्न, तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं? मी बँकेत लागलो तेव्हा असलं काही कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझं उत्तर दोन ओळींतच संपलं असतं, आणि त्यातली एक ओळ घरभाड्याची असती. पुढचा प्रश्न अपयशाचा. इथे खरं अपयश चालत नाही. गॅदरिंगचा हिशेब चुकला, मग मी सगळ्यांना एकत्र बसवलं, आणि शेवटी पैसे उरले, असं काहीतरी लागतं. गटचर्चेचं भाचीनं नंतर सांगितलं. दुसऱ्याचं ऐकून घेण्याला गुण असतात हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे बराच वेळ जो तो दुसऱ्याला बोलायचा आग्रह करत राहिला. लग्नाच्या पंगतीत जिलबीचासुद्धा इतका आग्रह होत नाही.

हे सगळं नवं आहे अशी माझी तक्रार होती, पण पुण्यात राहून ती टिकत नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली इथेच सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. तिथे सदस्य व्हायचं तर सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत, पाच वर्षं उमेदवारी करावी लागे, आणि स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही, संस्था देईल त्यात आपलं आणि कुटुंबाचं भागवीन, हे कबूल करावं लागे. आजचा स्टायपेंड त्यापुढे ऐषआरामच. गांधी आफ्रिकेतून परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांना वर्षभर नुसता देश पाहायला सांगितलं, जाहीर बोलायचं नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. गांधींनी सोसायटीच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्यांना घ्यावं की नाही यावर सदस्यांत दोन तट पडले, तेव्हा गांधींनी आपला अर्ज आपणच मागे घेतला. आज गांधींच्या नावाचीच दोन वर्षांची फेलोशिप आहे. तिचा फॉर्म भरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे नकाराचा मेल आला तर उपयोगी पडते.

आता वाटा पुष्कळ झाल्या आहेत. 'टीच फॉर इंडिया'ची पहिली तुकडी २००९ मध्ये मुंबई-पुण्यातल्याच शाळांमध्ये गेली. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' तेरा महिने खेड्यात धाडते. २०१४ पासून ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्यानं बंधनकारक झालं, तसा संस्थांकडे पैसा आला, आणि पैशामागून एक्सेल शीट आली. झोळीची जागा लॅपटॉपच्या बॅगेनं घेतली याचं मला दुःख नाही. हिशेब न ठेवणारे संत मी जवळून पाहिले आहेत.

माझं घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. भाचीबरोबर तिचा एक मित्रही फॉर्मचा कागदावरचा मसुदा घेऊन आला. बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जातात. लहानपणी दिवाळीनंतर हाही त्यांच्याबरोबर कारखान्यावर जायचा. ते दोघं पहाटे फडात गेले की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्या भावंडांना हाच सांभाळायचा, आणि आसपासच्या कोपीवरची पोरं गोळा करून त्यांना पाढे शिकवायचा. त्याच्या फॉर्मात 'स्वयंसेवेचा अनुभव' हा रकाना कोरा होता.

"अरे, पाढ्यांचं लिही की."

"मामा, त्याचं सर्टिफिकेट नाही ना."

भाचीकडे होतं. एका रविवारी टेकडीवर झाडं लावल्याचं, फोटोसकट.

पुढे प्रश्न होता, वंचित समाजाशी तुमचा संबंध कसा आला? त्यावर तो बराच वेळ पेन घेऊन बसला. मग त्यानं विचारलं, "जन्मापासून, असं लिहू का?"

मी म्हटलं, तेवढंच लिही. पुढे त्याची निवड झाली का, असं वाचणारे विचारतील. मुलाखतीपर्यंत तो पोहोचला. तिथे इंग्रजी अडलं. शिवाय मुकादमाची उचल फिटायची असताना दोन वर्षं स्टायपेंडवर काढणं त्याला झेपलं असतं का, हा प्रश्न होताच. भाचीची निवड झाली, आणि ती वर्गात चांगलंच शिकवते हेही सांगितलं पाहिजे. पण ज्या मुलांसाठी या योजना आहेत त्यांच्यातलाच एखादा मोठा होऊन अर्ज करतो, तेव्हा त्याला आपली गोष्ट परक्या भाषेत, परक्या रकान्यांत बसवावी लागते. हे काही बरं नाही.

तेव्हा निवड करणाऱ्यांनो, फॉर्म मराठीतही काढा, आणि स्टायपेंड इतका तरी द्या की घरी दोन पैसे पाठवता येतील. आणि भरणाऱ्यांनो, कोपीवर पोरं सांभाळली असतील, पाढे शिकवले असतील, गावात टँकर आल्यावर रांग लावली असेल, तर ते रकान्यात लिहा. सर्टिफिकेट मागितलंच तर मामाकडे या.