ब्रिजेटबाईंचा जमाखर्च

चोपडीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहावं तसं ब्रिजेट जोन्स रोजनिशीच्या पानावर आधी आपलं वजन लिहिते. १ जानेवारीला ते १२९ पौंड, म्हणजे जेमतेम साडेअठ्ठावन्न किलो. शेजारी लगेच खुलासा, की हे नाताळाच्या जेवणावळींनंतरचं आहे. दारूची युनिटं १४, पण ती दोन दिवसांची धरावीत. सिगारेटी २२. कॅलरी ५,४२४. साडेअठ्ठावन्न किलोची बाई स्वतःला लठ्ठ समजते ही पहिली गंमत. कुणी विचारलेलं नसताना ती खुलासे देत सुटते ही दुसरी.

हेलन फिल्डिंगने तिला १९९५ साली लंडनच्या 'द इंडिपेंडंट'मध्ये जन्माला घातलं. वर्तमानपत्राला खरं तर फिल्डिंगच्याच आयुष्यावर सदर हवं होतं. स्वतःची अब्रू अशी वेशीवर टांगण्यापेक्षा एक काल्पनिक बाई पुढे केलेली बरी, असा तिने विचार केला आणि सुरुवातीला सदरावर नावही घातलं नाही. १९९६ मध्ये 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' ही कादंबरी आली आणि लंडनमधल्या तिशीतल्या, नोकरदार, एकट्या बायकांची एक जातच्या जात उजेडात आली.

ही बाई ओळखायची कशी? तिच्याकडे 'मेन आर फ्रॉम मार्स, विमेन आर फ्रॉम व्हीनस'सारखी पुस्तकं असतात आणि ती पाठही असतात. पुरुषासाठी झुरायचं नाही, एकटीनेच परिपूर्ण व्हायचं, असा तिचा संकल्प असतो. कारण पुरुष मिळवायचा उत्तम मार्ग तोच, असं त्याच संकल्पात पुढे लिहिलेलं असतं. घरी आल्यावर कोट काढायच्या आधी ती फोनकडे धावते. ब्रिटनमध्ये १४७१ फिरवलं की शेवटचा फोन कुठल्या नंबरावरून आला ते कळतं. त्याने फोन केला नाही, हे या सोयीमुळे आता खात्रीने कळू लागलं. पूर्वी निदान 'आपण घरी नव्हतो' एवढी आशा तरी शिल्लक राहायची. ब्रिजेट १४७१ला केलेले हे फोनही मोजते.

हिशोब मागणारे मात्र भोवती भरपूर. नववर्षाच्या दिवशी उना आंटीकडे टर्की करीचं जेवण असतं. तिथे पाऊल टाकताच चौकशी सुरू होते ती प्रेमप्रकरणाची. आपल्याकडे हाच प्रश्न 'मग, लाडू कधी?' असा तोंड गोड करून येतो, एवढाच फरक. लग्न झालेल्या मित्रमंडळींच्या घरी जेवायला जावं, तर तेही जोडीजोडीने बसून हिच्या वयाचं घड्याळ टिकटिक करून दाखवतात. त्याच करीच्या जेवणाला मार्क डार्सी हा घटस्फोटित बॅरिस्टर हजर असतो, तोही चौकटी-चौकटींचा स्वेटर घालून. त्याचं लग्न मोडलंय, पण म्हणून त्याला कुणी कॅलरी विचारत नाही. ऑफिसातला साहेब डॅनियल क्लीव्हर तर ईमेलवर हिच्या आखूड स्कर्टची चौकशी करतो, हिला नादी लावतो आणि दुसरीशी लग्न ठरवून मोकळा होतो. त्याच्या वयाची टिकटिक कुणाच्याच कानावर पडत नाही.

ब्रिजेटचं स्वयंपाकघरही असंच, संकल्प मोठे आणि हिशोब चुकलेला. नामांकित शेफचं पुस्तक उघडून ती पाहुण्यांसाठी सेलरीचं सूप करायला घेते. सूपात निळा दोरा उकळतो आणि सूप निळं होतं. गोड म्हणून केलेल्या संत्र्यांचा मुरांबा होतो. वर्षाअखेरच्या ताळेबंदात वजन वाढलं ७४ पौंड आणि घटलं ७२ पौंड, अशी नोंद आहे. घटलेल्या आकड्यावर बाई भलत्याच खूश आहेत.

कथानक आपण जेन ऑस्टिनच्या १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरून उचललं, हे फिल्डिंगने कधी लपवलं नाही. त्या कादंबरीवरच्या १९९५च्या बीबीसी मालिकेत कॉलिन फर्थ डार्सी झाला होता आणि ब्रिजेट त्याच्यावर फिदा होती. २००१च्या चित्रपटात मार्क डार्सीची भूमिका केली ती याच फर्थने. मधल्या काळात, १९९९च्या दुसऱ्या कादंबरीत, ब्रिजेटला खुद्द फर्थची मुलाखत घ्यायला पाठवलं जातं. तिची गाडी त्या मालिकेतल्या त्याच्या ओल्या शर्टापलीकडे सरकतच नाही.

२०१३च्या 'मॅड अबाउट द बॉय'मध्ये फिल्डिंगने मार्क डार्सीला मारून टाकलं. ब्रिटनमधले वाचक घरातलंच माणूस गेल्यासारखे हळहळले आणि लेखिकेवर खवळलेही. ब्रिजेट आता पन्नाशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, विधवा. वजनाचा रकाना कायम आहे. जोडीला ट्विटरच्या फॉलोअर्सचा नवा रकाना आलाय आणि सुरुवातीला त्यात शून्य आहे. त्याच ट्विटरवर तिला एक तरुण मित्र भेटतो. पेच असा, की मैत्रिणीचा साठावा वाढदिवस आणि या मित्राचा तिसावा एकाच दिवशी आलेत, आणि बाईंना ठरवायचंय, जायचं कुठे.