फुटाळ्याच्या काठी पाइनचं फळ

मिश्र माध्यमातलं चित्र म्हटलं की हल्ली साहित्य ठरलेलं असतं: कॅनव्हास, ॲक्रिलिकच्या ट्यूबा, सोनेरी भुकटी आणि पुडीतून घरपोच आलेली वाळकी पानं-फळं. चित्राचं नाव मात्र ‘माझं नागपूर’. मग फुटाळ्याच्या काठी हिमालयातलं पाइनचं फळ बसतं आणि अंबाझरीवर कॅनडातलं मेपलचं पान तरंगतं. माझं म्हणणं एवढंच, की आवडत्या जागेचं चित्र करायचं तर तिथली एखादी तरी वस्तू त्यात असावी. नसेल, तर सरळ जलरंग घ्यावेत. ते बिचारे निसर्ग चिकटवल्याचा दावा तरी करत नाहीत.

वस्तूंचा इथे तोटा नाही. फाल्गुनात पळस खाली सडा घालतो. एकही फांदी न तोडता पिशवी भरते आणि फुलं उकळली की रंगही फुकट. सागाचं कोवळं पान चुरडलं की बोटं लाल होतात, जून पान खरखरीत आणि शिरांची जाळी घेऊनच गळतं. सीताबर्डीच्या टेकडीला तिथल्याच काळ्या बेसाल्टची भुकटी लावावी. संत्र्याची साल वाळून तपकिरी पडते ही तक्रार खरी आहे. पण तपकिरी रंग लागतोच की, मे महिन्यातलं मैदान काय हिरवं दाखवणार? आणि मे महिना आलाच आहे तर कूलरची ताटी विसरून कसं चालेल? पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा ज्या वस्तूवर वैदर्भीय माणसाचं खरं प्रेम असतं, ती हीच. हंगामाच्या शेवटी उतरवलेली ताटी जवळून बघा: लाकडाच्या कुरळ्या तुसावर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर, खाली शेवाळाची हिरवी किनार, मधे गंजक्या जाळीचे चौकोन. एवढा पोत ब्रशने आणायला चित्रकाराला जन्म काढावा लागेल. इथे तो महानगरपालिकेच्या पाण्याने आणि उन्हाने आपसूक काढून ठेवला आहे.

यावर जाणकार नाक मुरडतील: ही कला नव्हे, शाळेतला कार्यानुभव. त्यांना पॅरिसचा दाखला लागतो, तर तोही घ्या. पिकासोने 1912 साली एका चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलं, भोवती दोरखंड गुंडाळला आणि कलेच्या इतिहासात खळबळ उडाली. वेत म्हणाल तर तोही छापील! नागपुरात मात्र काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून मिरवते आहे. बांबू, कागद, कापड, रंग यांतून उभ्या केलेल्या या प्रचंड बाया, आणि सोबत हाताला लागेल ते जोडून केलेले बडगे, गळ्यात महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंतच्या पाट्या घेऊन. चित्र, शिल्प, मजकूर, नाट्य आणि ढोलताशा यांचं याहून मिश्र माध्यम कुठल्या दालनात बघायला मिळतं?

दुसरा आक्षेप टिकण्याचा. पावसाळ्यात बुरशी लागेल, पानं भुगा होतील, फेविकॉल पिवळं पडेल. पडू दे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवलेली मारबत त्याच दिवशी जाळतात, तरी ती एकशे चाळीस वर्षांहून जास्त टिकली आहे, कारण दरवर्षी नवी करणारे हात टिकले. उलट काचेआड जपलेली कित्येक चित्रं टिकली आहेत ती केवळ कुणी त्यांच्याकडे बघत नाही म्हणून. तिसरा आक्षेप घरच्यांचा असतो, की हा कचरा भिंतीवर कशाला? त्याला कलासमीक्षेत उत्तर नाही. चित्र पाहुण्यांच्या खोलीत लावावं, हा व्यवहार.

तेव्हा यंदा पावसाळ्यात कूलर उतरवाल तेव्हा सगळ्या ताट्या भंगारवाल्याला देऊ नका, एक ठेवा. फक्त आधी कडक उन्हात वाळवा, नाहीतर चित्रातून डास निघतील.