मुक्काम पोस्ट माजघर

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमच्या दाजींचा पंपाचे सुटे भाग करायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, सात कामगार, एक दिवाणजी आणि प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडं खुद्द दाजी. आजवर हा सगळा पसारा एका फोनवर चालला. तो आबांनी, म्हणजे दाजींच्या वडिलांनी, घेतलेला. त्याचा नंबर टेम्पोच्या फाळक्यावर, दिवाळीच्या कॅलेंडरवर आणि कारखान्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेला. फोन वाजला की दिवाणजी उचलायचे, ‘बोला’ म्हणायचे, रिसीव्हरवर पंजा ठेवायचे आणि पार्टिशनवरून ओरडायचे, ‘इचलकरंजीचं हायत!’ झाला कॉल ट्रान्सफर.

मग भाचा, म्हणजे दाजींचा मुलगा, पुण्याहून एमबीए होऊन आला. त्याला या व्यवहारात ‘कस्टमर एक्स्पीरियन्स’ कुठं दिसेना. त्यानं आठ दिवसांत दाजींना पटवलं आणि दाजींचा मला फोन आला, अर्थात मोबाइलवरून. ‘पाव्हणं, आता इंटरनेटवरचा फोन बसवायचाय. मोठ्या कंपन्यांत आसतोय तसला. तुम्ही पेपरात लिवता, तुम्हाला सगळं कळतंय. रविवारी या.’ पेपरात लिहिणाऱ्याला सगळं कळतं असं मानणारी माणसं आता फक्त सासुरवाडीच्या नात्यातच उरली आहेत, म्हणून मी गेलो.

इंटरनेटवरचा फोन म्हणजे काय, हे बसवायला आलेल्या पोरानं मला समजावून सांगितलं. तुम्ही बोलता तो आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो. मग त्याचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा पाकिटात घालतात, पाकिटावर पत्ता टाकतात आणि इंटरनेटवर सोडून देतात. म्हणजे एका सेकंदाला पन्नास पाकिटं. मी मनात हिशेब केला. दाजींची मध्यम लांबीची एक शिवी साधारण पन्नास पाकिटांतून जाणार, आणि वाटेत पाच-सहा हरवली तर पलीकडच्याला ती आशीर्वादासारखी ऐकू येणार. उधारी वसुलीच्या दृष्टीनं ही यंत्रणा मला फार भरवशाची वाटली नाही.

तसा हा शोध नवा नाही. फोननं फोनला हाक कशी मारायची याचे सिप नावाचे नियम 1999 सालीच लिहून झाले आणि 2002 मध्ये ते पुन्हा नीट लिहिले गेले. आपल्याकडं मात्र इंटरनेटवरचा आवाज आणि साध्या तारेवरचा आवाज यांनी एका पंगतीत बसणं सरकारला बरीच वर्षं मान्य नव्हतं. एकमेकांचा स्पर्श झाला तर देशाचं काय होईल, अशी धास्ती होती. 2018 मध्ये परवानाधारक कंपन्यांपुरतं हे सोवळं सुटलं. तोवर गावोगावी माणसं व्हॉट्सअपवरून परदेशातल्या पोराशी तास-तास बोलत होती, ही गोष्ट वेगळी.

पहिला वाद पेटला तो नंबरांवरून. पाच फोन, म्हणजे आतले पाच नंबर. भाच्यानं 100 पासून सुरुवात केली. दाजींना 100 हवा होता, कारण ते मालक. भाच्याला 101, कारण तो भावी मालक. दिवाणजींना 102, कारण उरला तो. ते पोरगं नम्रपणे म्हणालं, ‘काका, 100 पोलिसांचा, 101 अग्निशमनचा आणि 102 रुग्णवाहिकेचा नंबर हाय.’ आक्का, म्हणजे भाच्याची आई, दारातून म्हणाली, ‘असू दे की. ह्यांचा पारा चढला की तिन्ही लागत्यातच.’ शेवटी 201 पासून सुरुवात झाली. मग आठवण झाली की आबा अजून आहेत, रोज सकाळी तासभर पेपर वाचायला कारखान्यात येऊन बसतात, आणि ज्यांनी धंदा उभा केला त्यांना 206 देणं शोभत नाही. म्हणून 200 आबांना राखून ठेवला. त्या नंबरला फोनचं यंत्र नाही. वडिलकीचा मान म्हणून तो नुसता यादीत आहे.

दुसरा घोळ शून्याचा. आतून बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य दाबायचं, ही जुनी रीत. पण 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर त्यालाही पुढं शून्य लागतं. म्हणजे एक शून्य कारखान्याच्या उंबऱ्याचं आणि दुसरं सरकारचं. दिवाणजींनी दोन्ही शून्यं चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवली. दोन दिवसांनी हाताखालच्या पोरानं त्या चिठ्ठीखाली तिसरं शून्य काढून ठेवलं. ते कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाला, ‘आसू दे जास्तीचं.’

यंत्र दिसायला देखणं. पडदा, बटणं, एक हिरवा दिवा. तार लावली की लगेच वाजेल असं मात्र नाही. आधी फोन दीड-दोन मिनिटं आपलं आपण आवरत बसतो. मग कुठल्याशा दूरच्या सर्व्हरकडं जाऊन हजेरी लावतो, आणि ही हजेरी ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा द्यावी लागते. शिवाय पडद्यावरचं घड्याळ चीनचं होतं. चीन आपल्या अडीच तास पुढं. पहिल्या दिवशी दुपारी साडेतीनला फोनवर सहा वाजले आणि सातांपैकी चार कामगार हातपाय धुऊन घरी गेले. यंत्रावर त्यांचा विश्वास बसला तो तेवढाच.

सगळं जोडून झालं आणि दाजींनी नारळ फोडून पहिला फोन निपाणीच्या एका व्यापाऱ्याला लावला. दाजींचं ‘हॅलो, हॅलो, कोण?’ निपाणीला स्वच्छ ऐकू जात होतं. पलीकडचा ओरडत होता ते मात्र दाजींपर्यंत पोचत नव्हतं. दोन मिनिटांनी दाजी म्हणाले, ‘कोण बावळट फोन उचलून गप बसलंय,’ आणि त्यांनी ठेवून दिला. त्या व्यापाऱ्याला आयुष्यात प्रथमच त्याच्याविषयीचं दाजींचं खरं मत थेट ऐकायला मिळालं.

याचं कारण पोरानं सांगितलं ते मला फार आवडलं. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला आतला एक पत्ता असतो, घरातल्या खोलीसारखा. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त राउटरचा पत्ता, म्हणजे घराचा. आता हा फोन बाहेर पत्र पाठवतो तेव्हा भोळेपणानं आत लिहून टाकतो, ‘उत्तर माजघरात पाठवा.’ निपाणीचं पाकीट घर शोधत आलं तरी माजघर कुणाचं, हे कुणाला ठाऊक? मग एकाच्या कानी पडतं आणि दुसरा बहिरा राहतो. आमच्या नशिबी अर्धंच आलं, निपाणीचं बोलणं हरवलं. असा फोन मी पूर्वी एकाच ठिकाणी पाहिलाय, लोकप्रतिनिधींच्या जनता दरबारात. तिथं तो बिघडलाय असं कुणी म्हणत नाही.

गंमत पुढंच आहे. ही अडचण येऊ नये म्हणून राउटरमध्ये मुद्दाम एक मदतनीस बसवलेला असतो. जाणारं प्रत्येक पत्र फोडायचं, आतलं ‘माजघर’ खोडायचं आणि बाहेरचा पत्ता लिहायचा, हे त्याचं काम. तो इतक्या उत्साहानं खाडाखोड करतो की पत्र कुणाचं, कुणाला, काहीच उरत नाही. म्हणून हे काम करणारी माणसं पहिल्यांदा काय करतात, तर त्या मदतनिसाला बंद करतात. आमच्याकडंही तेच केलं. मदत थांबली आणि काम सुरू झालं. सरकारी योजनांवर मी वीस वर्षं लिहितोय, पण इतकं नेमकं कधी जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र खरी आफत आली, आणि ती आणली दिवाणजींच्या टापटिपीनं. या फोनला मागं दोन खाचा असतात. एक नेटची तार आत यायला, दुसरी त्यातूनच पुढं कॉम्प्युटरला द्यायला. दिवाणजींना एक तार टेबलाखाली लोंबताना दिसली आणि फोनची एक खाच रिकामी दिसली. पन्नास वर्षं रोजकीर्द लिहिलेला माणूस. जमेची बाजू आणि नावेची बाजू जुळली पाहिजे, या शिस्तीनं त्यांनी ती तार तिथं खोचली. दोन्ही तारा एकाच स्विचमधून आलेल्या. झालं! फोनच्या एका कानातून गेलेला निरोप दुसऱ्या कानातून परत त्याच स्विचकडं, तिथून पुन्हा फोनकडं, दर फेरीला संख्या वाढत. याला वादळच म्हणतात. बिलिंग बंद, प्रिंटर बंद, कॅमेरे बंद, भाच्याचं इन्स्टाग्राम बंद. दोन तास सगळा कारखाना अंगात आल्यासारखा दिवे लुकलुकवत होता. शेवटी त्या पोरानं येऊन एक तार उपसली आणि बिलात ‘नेटवर्क ऑप्टिमायझेशन’ असं लिहिलं.

दाजींचा खरा हेतू, आता सांगायला हरकत नाही, वेगळाच होता. त्यांना कॉल रेकॉर्डिंग हवं होतं. दिवाणजी गिऱ्हाइकांना परस्पर शेजारच्या कारखान्याकडं पाठवतात, असा त्यांना जुना संशय. या संशयाला मोठी परंपरा आहे. आपोआप चालणारं टेलिफोन एक्स्चेंज ज्यानं शोधलं तो आल्मन स्ट्रोजर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. म्हणतात की एक्स्चेंजमधली बाई त्याची गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडं जोडून देत होती. त्या रागातून त्यानं मधला माणूसच काढून टाकणारं यंत्र केलं आणि 1891 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. मढं नेण्यावरून एवढी ईर्ष्या, मग इम्पेलरच्या गिऱ्हाइकावरून का नको? दाजींनी आठवडाभराचं रेकॉर्डिंग रात्री जागून ऐकलं. दिवाणजींच्या तोंडी प्रत्येक कॉलला ‘बोला’ आणि ‘देतो’ एवढे दोन शब्द. बाकी सगळीकडं दाजींचाच आरडाओरडा. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला हळूच विचारलं, ‘हे पुसता येतंय का?’

त्याच फोनचं ॲप दाजींच्या मोबाइलवरही बसवलंय. कुठूनही बोला, पलीकडं कारखान्याचाच नंबर दिसतो. पूर्वी दाजी कारखान्यात बसून मोबाइलवर ‘मुंबईला आलोय’ म्हणायचे. आता जोतिबाच्या डोंगरावरून, मागं हलगी वाजत असताना, ‘ऑफिसातच हाय, मशीनचा आवाज येतोय’ म्हणतात.

आणि मग ते ‘एक दाबा, दोन दाबा’. भाच्याचा जीव त्यातच होता. विक्रीसाठी एक, हिशेबासाठी दोन, तक्रारीसाठी तीन, इतर चौकशीसाठी चार. चारही विभाग दिवाणजींच्या टेबलावर वाजतात. दिवाणजींनी ही नवी जबाबदारी गांभीर्यानं घेतली आहे. एकला ‘बोला’ गोड म्हणतात, दोनला कोरडं, तीनला खाकरून. मध्ये भाच्यानं सुधारणा म्हणून पाचही फोन एकदम वाजतील असं केलं होतं. सगळ्यांचे फोन वाजल्यावर कॉल कुणाचाच नव्हता. दोन दिवसांत ते रद्द झालं.

थांबवून ठेवताना वाजायला बीथोव्हनची ‘फ्यूर एलिझे’ आतच भरलेली आली. मागं येणारी मोटार वाजवते तीच. पहिल्याच गिऱ्हाइकानं दिवाणजींना विचारलं, ‘गाडी काढताय काय?’

प्रश्न राहिला सूचना सांगणाऱ्या आवाजाचा. कॉम्प्युटरच्या बाईला ‘उद्यमनगर’ म्हणता येईना. दाजींनी स्वतः रेकॉर्ड करून पाहिलं, तर ‘तक्रारीसाठी तीन दाबा’ हे वाक्य धमकीसारखं यायला लागलं. शेवटी भाचा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि आक्कानं पोळ्या लाटता लाटता सगळं एका दमात म्हणून टाकलं. छान, ठसठशीत, पाव्हण्यांना ‘हातपाय धुवा’ म्हणावं तसं. फक्त दोन आणि तीनच्या मध्ये कुकरची एक शिट्टी आली. भाचा म्हणाला, ‘आई, परत एकदा.’ आक्का म्हणाली, ‘एकदा सांगितलं की.’ ती शिट्टी तशीच राहिली.

परवा दाजींनी मला बोलावून एक रेकॉर्डिंग ऐकवलं. निपाणीचाच तो व्यापारी, वयस्कर माणूस, नव्या नंबरावर प्रथमच. कुणी काही दाबलं नाही तर ही यंत्रणा सूचना पुन्हा म्हणते, अशी तीन वेळा. त्यानं काही दाबलं नव्हतं. पहिल्या खेपेला तो म्हणाला, ‘नमस्कार वहिनी, दादा हायत काय?’ आक्कानं विक्रीसाठी एक दाबायला सांगितलं, कुकर वाजला. दुसऱ्या खेपेला म्हणाला, ‘कामात आसशीला, चालू द्या, मी थांबतो.’ पुन्हा सगळं झालं, पुन्हा कुकर वाजला. तो शांतपणे थांबला. तिसऱ्यांदा शिट्टी झाल्यावर मात्र त्याचा आवाज जरा काळजीचा झाला. ‘वहिनी, तीन झाल्या. बंद करा आता.’

आणि यंत्रणेनं फोन बंद केला.