कोपराला जामीन

डब्लिनमध्ये १३ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री क्रिस्तियानो रोनाल्डोचे कोपर आयर्लंडच्या दारा ओशे या बचावपटूला भेटायला गेले. चेंडूचा या भेटीशी काही संबंध नव्हता. पंचांनी आधी पिवळे कार्ड दाखवले, मग पडद्यावर प्रसंग पुन्हा पाहिला आणि पिवळ्याचे लाल केले. आपण गुणी बाळासारखे वागण्याचा प्रयत्न करू, असे आश्वासन रोनाल्डोने सामन्याआधी देऊन ठेवले होते. प्रयत्न केला नाही असे कोण म्हणेल? पोर्तुगालकडून २२६ व्या सामन्यात पहिले लाल कार्ड मिळाले, संघ ०-२ असा हरला, आणि फिफाच्या शिस्तपालन समितीच्या टेबलावर एक अवघड कागद येऊन पडला. अवघड अशासाठी की त्यावर काय लिहायचे हे नियमात आधीच लिहिलेले होते.

फिफाच्या शिस्तसंहितेतले १४ वे कलम या बाबतीत अगदी सरळ आहे. प्रतिस्पर्ध्यावर हल्ला केला, मग तो कोपराने असो, ठोशाने असो, लाथेने असो की दातांनी, तर किमान तीन सामने बाहेर. ‘किमान’ म्हणजे त्याच्या खाली उतरायचे नाही. त्यातला एक सामना रोनाल्डोने आर्मेनियाविरुद्ध बाहेर बसून भोगला. पोर्तुगाल २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला आणि तिथेच घोडे अडले. मैत्रीपूर्ण सामने या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे उरलेले दोन सामने थेट विश्वचषकाच्या गटफेरीतून वजा होणार होते. मग समितीने पाने उलटली आणि २७ वे कलम सापडले. या कलमानुसार शिक्षा द्यायची, पण तिची अंमलबजावणी काही काळ थांबवायची. बारा दिवसांनी, २५ नोव्हेंबरला निकाल आला: बंदी तीन सामन्यांची, पैकी दोन सामने एक वर्ष स्थगित. हे वर्ष संपेपर्यंत विश्वचषक आटोपलेला असेल, हा कॅलेंडरचा दोष.

आता न्यायाचे बोलू. ज्यांना ही बंदीच मुळात जाचक वाटते, त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ओशेचे काही मोडले नाही, तो उठून खेळला. उलट १९८२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मन गोलरक्षक शुमाखरने फ्रान्सच्या बातिस्तोंला धडकून बेशुद्ध केले, त्याचे दात पाडले, आणि पंचांनी साधी फ्री किकसुद्धा दिली नाही. २०१० च्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या डी याँगने शाबी आलोन्सोच्या छातीवर बुटाचे तळवे ठेवले आणि पिवळ्या कार्डावर सुटला. त्या मानाने एका कोपराला तीन सामने म्हणजे जास्तच, असे कोणी म्हटले तर ऐकून घ्यावे. पण शुमाखर सुटला म्हणून पुढच्या सगळ्यांना सोडावे, हा युक्तिवाद पहिला चोर पळाला म्हणून तुरुंगाचे दार काढून टाकण्यासारखा आहे. चेंडू खेळताना उशीर झालेला पाय आणि चेंडू बाजूला ठेवून चालवलेले कोपर यांत फरक करायलाच ती संहिता लिहिली गेली. इजा किती झाली हे नशिबावर असते, कोपर मात्र माणसाच्या ताब्यात असते. तेव्हा तीन सामने ही शिक्षा रास्त होती. ती जड वाटत असेल तर कलम बदलून सगळ्यांसाठी दोन करा. इथे कलम जसेच्या तसे राहिले, फक्त एका माणसापुरते ते पातळ झाले.

दुसरा बचाव चारित्र्याचा. दोन दशकांहून अधिक काळ देशासाठी खेळून एकही लाल कार्ड नाही, मग पहिल्या चुकीला माफी नको का? हवी. कोणत्याही सुसंस्कृत कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सवलत असते आणि २७ वे कलम त्यासाठीच असेल तर उत्तमच. पण ही स्वच्छ पाटी फक्त पोर्तुगालच्या शर्टाची आहे. शर्टाच्या आतला माणूस २०१७ च्या ऑगस्टमध्ये स्पॅनिश सुपर कपमध्ये पंचांना ढकलून पाच सामन्यांची बंदी घेऊन आला होता. एप्रिल २०२४ मध्ये सौदी सुपर कपमध्ये अल हिलालविरुद्ध त्याला बाहेर काढले गेले ते कशासाठी? प्रतिस्पर्ध्याला कोपर मारल्याबद्दल. म्हणजे कोपराचा पूर्वेतिहास आहे, फक्त तो दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत नोंदलेला आहे. क्लब आणि देश यांचे हिशेब वेगळे असतात, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण मग चारित्र्याचा दाखला मागू नये. दाखला मागितला की पूर्ण वही उघडावी लागते.

शिवाय पहिल्या चुकीची सवलत आधी कोणाकोणाला मिळाली, हे विचारायला हवे. क्रोएशियाचा मांझुकिच नोव्हेंबर २०१३ मध्ये आइसलँडविरुद्धच्या पात्रता सामन्यात लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि २०१४ च्या विश्वचषकाचा ब्राझीलविरुद्धचा उद्घाटनाचा सामना त्याने बाकाच्याही मागून पाहिला. त्याच्यासाठी कोणी पाने उलटली नाहीत. इथे फिफाचे वकील लगेच लुइस सुआरेझला साक्षीला बोलावतील, आणि तो साक्षीदार बिनतोड आहे हे मान्य करावे लागेल. २०१४ मध्येच त्याने इटलीच्या किएलिनीच्या खांद्याचा चावा घेतला. पंचांना दिसले नव्हते, तरी फिफाने नंतर नऊ आंतरराष्ट्रीय सामने, चार महिने आणि एक लाख स्विस फ्रँक असा दंड ठोठावला. सुआरेझ काही गल्लीतला खेळाडू नव्हता, त्या उन्हाळ्यात बार्सिलोना त्याच्यासाठी तिजोरी उघडत होती. मग फिफा ताऱ्यांना घाबरते हा आरोप टिकतो कसा? टिकतो, कारण सुआरेझचा तो तिसरा चावा होता, आधीचे दोन हॉलंड आणि इंग्लंडमधल्या मैदानांवर नोंदलेले होते. म्हणजे पहा, सुआरेझच्या वेळी क्लबांची जुनी वही उघडी होती, रोनाल्डोच्या वेळी ती कपाटात होती. आणि सुआरेझच्या साक्षीतून फिफाला नको असलेली आणखी एक गोष्ट बाहेर येते: त्याच्याशिवाय तो विश्वचषक सुरळीत पार पडला. उरुग्वे पुढच्या फेरीत कोलंबियाकडून हरला, बाकी जगाने सामने पाहणे थांबवले नाही.

मग एवढी धास्ती कसली? संघाचे नुकसान होईल म्हणावे, तर पुरावा उलटा आहे. कप्तान बाहेर असताना पोर्तुगालने आर्मेनियाला ९-१ असे बदडले. संघाला त्याची गरज होती की स्पर्धेला, हे त्या धावफलकावरून ज्याचे त्याने ठरवावे. स्पर्धा ४८ संघांची, १०४ सामन्यांची, तिकिटे ६० डॉलरपासून ६,७३० डॉलरपर्यंत जाहीर झालेली आणि त्यातही मागणीनुसार भाव चढते. साठ कोटींहून अधिक लोक इन्स्टाग्रामवर ज्याच्या मागे आहेत, त्याचा हा बहुधा शेवटचा, सहावा विश्वचषक. दुकानाच्या काचेतला मुख्य पुतळा बाहेर कसा ठेवायचा? पुतळ्याचे आकर्षण गोव्याला विचारा. कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा २०२१ पासून उभा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा क्लब अल नस्र एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्यात आला, तेव्हा खुद्द रोनाल्डो आलाच नाही. गोवेकरांच्या त्या हिरमोडावर कोणत्याही समितीला कलम सापडले नाही. प्रेक्षकाचे हित हे फक्त स्वतःचे तिकीट विकायचे असते तेव्हाच आठवते. निकालाच्या आठवडाभर आधी, १८ नोव्हेंबरला, व्हाइट हाउसमधल्या मेजवानीला रोनाल्डोही होता आणि फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनोही. दोन तारखा शेजारी आल्या म्हणून एकीतून दुसरी जन्मली असे म्हणता येत नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. मात्र ज्या संस्थेला संशय टाळायचा असतो ती निकालाची कारणे छापते. इथे कलमाचा क्रमांक मिळाला, कारण मिळाले नाही.

परंपरा मात्र जुनी आहे. १९६२ च्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या गारिंचाला यजमान चिलीविरुद्ध लाथ मारल्याबद्दल मैदानाबाहेर काढले होते. कार्डांचा शोध तेव्हा लागायचा होता. समिती बसली, आणि गारिंचा अंतिम सामना खेळला. त्या काळी निदान आपोआप बंदीची आजच्यासारखी चौकट नव्हती, समितीला मोकळेपणा होता. आज चौकट आहे, व्हीएआर आहे, कलमांना पोटकलमे आहेत, आणि एवढे सगळे करून आपण चिलीलाच येऊन पोहोचलो.

राहता राहिली ती स्थगितीची अट. वर्षभरात ‘तशाच स्वरूपाचा आणि तितक्याच गांभीर्याचा’ गुन्हा पुन्हा घडला, तर स्थगिती रद्द होऊन उरलेले दोन सामने भोगावे लागतील. ही भाषा वकिलांनी बारकाईने वाचावी. गुडघा हा कोपराच्याच स्वरूपाचा मानायचा का? तितकेच गांभीर्य कशाने मोजणार, आणि विश्वचषकाच्या ऐन भरात ते मोजण्याची हिंमत कोणती समिती करणार? पोर्तुगालच्या गटात उझबेकिस्तान आहे. त्यांचा हा पहिलाच विश्वचषक, त्यामुळे या स्पर्धेतली त्यांच्या प्रत्येक खेळाडूची पाटी रोनाल्डोपेक्षाही स्वच्छ. समजा त्यांच्या एखाद्या बचावपटूचे कोपर रोनाल्डोच्या बरगडीला लागले, लाल कार्ड निघाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या महासंघाने २७ वे कलम पुढे करून अर्ज केला: पहिलीच चूक आहे, देशाचा लाडका आहे, दोन सामने वर्षभर स्थगित करावेत. त्या अर्जावर समिती काय शेरा मारेल, याचा मसुदा फिफाने आताच तयार करून ठेवायला हरकत नाही. कारण द्यायची सवय तरी लागेल.