मध्यंतरापर्यंत शेअर घेतले, पुढे विकले नाहीत

आमच्या जांब समर्थाला पिच्चरच्या गोष्टींची ददात नाही. सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, इथेच १६०८ साली जन्मले. बारा वर्षांचा पोरगा बोहल्यावर उभा, भटजी 'सावधान' म्हणाले आणि नवरदेव पसार! वऱ्हाड मागे, नवरा पुढे. पहिल्या पाच मिनिटांत आणखी काय पाहिजे? शिवाय ऑगस्ट २०२२ मध्ये गावातल्या समर्थांच्या देवघरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, म्हणजे पोलीसतपासही तयार.

आणि माझा पुतण्या म्हणतो, "काका, पिच्चर काढावा तर शेअर बाजारातल्या झुनझुनवालांवर!"

हा दिवसभर मोसंबीच्या बागेत मोबाइल धरून बसतो. बागेला पाणी गेलं की नाही याचा पत्ता नसतो, पण टायटनचा शेअर कितीने पडला ते तोंडपाठ. 'गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन' असं जाहिरातीत रोज कोणीतरी घाईघाईने बजावतं. समर्थ एकदाच ऐकून पळाले. हा ऐकतो आणि बूड हलवत नाही.

राकेश झुनझुनवाला मोठा माणूस, वादच नाही. १९८५ साली ५,००० रुपये घेऊन बाजारात उतरले. टाटा टीचे शेअर ४३ ला घेतले आणि काही महिन्यांत १४३ ला विकले. इथे एक गाणं बसेल. पण पुढे? टायटन घेतला आणि वर्षानुवर्षं ठेवून दिला. आता हे पडद्यावर दाखवायचं कसं? मध्यंतरापर्यंत शेअर घेतले, मध्यंतरानंतर विकले नाहीत. कपडेपटालाही काम नाही. २०२१ मध्ये गडी पंतप्रधानांना भेटायला गेला, तोही चुरगळलेल्या सदऱ्यात.

"मग हर्षद मेहताची मालिका कशी चालली?" पुतण्या.

अरे बाबा, तिथे घोटाळा होता! बँकांच्या पैशांवर एसीसीचा शेअर २०० वरून ९,००० च्या आसपास नेला. एप्रिल १९९२ मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांनी बातमी छापली आणि बिंग फुटलं. मग सीबीआय, कोठडी, कोर्ट. त्याच्यावर २०२० मध्ये मालिका आली, २०२१ मध्ये 'द बिग बुल' हा पिच्चर आला. प्रेक्षकाला श्रीमंत माणूस वर चढताना आवडतो, पण तिकिटाचे पैसे तो पडताना बघायचे देतो.

नुसतं ठेवून वाट बघण्यात काय रंगत असते, ते आम्हा कापूसवाल्यांना विचारा. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला. पुढच्या हंगामात सगळ्या गावाने ठरवलं, यंदा घाई नाही. कापूस आढ्यापर्यंत भरला. माणसं ओसरीत निजली, पाहुणे आले तसे परत गेले. भाव सात-आठ हजारांवर येऊन बसला आणि आम्ही घरात बसून अंग खाजवत राहिलो. हिचं म्हणणं, "आज विका." माझं म्हणणं, "अजून आठ दिवस." एवढे दोनच संवाद, पण उन्हाळाभर पुरले.

आणि गंमत अशी की झुनझुनवाला स्वतः पिच्चरला पैसे लावत. २०१२ च्या 'इंग्लिश विंग्लिश'च्या निर्मात्यांत त्यांचं नाव आहे. दिग्दर्शिका गौरी शिंदे, आणि नायिका कोण? पुण्याची शशी गोडबोले, लाडू करून विकणारी. शेअरवाल्याची गोष्ट घरातच असताना या माणसाने पैसा लाडवांवर लावला. पुतण्याला हे सांगितलं, तर तो लगेच मोबाइलवर लाडवांची कुठली कंपनी बाजारात आहे ते शोधायला लागला.

तरीही कोणा निर्मात्याला झुनझुनवालांवर पिच्चर काढायचाच असेल, तर त्याने खुशाल जांबला यावं. वाट बघण्याच्या प्रसंगांसाठी कापसाने भरलेली खोली आम्ही फुकट देऊ. खाज ज्याची त्याने सोसावी.