ओटावाकर

मिसिसॉगाच्या आमच्या मराठी मंडळींत त्यांना खऱ्या आडनावाने कोणी हाक मारत नाही. घराच्या पत्रपेटीवर चांगलं ठसठशीत, बेळगावकडचं आडनाव आहे. पण दर शनिवारी सकाळी टिम हॉर्टन्स ह्या कॉफीच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलावर बसून ते देशाचा कारभार हाकतात, म्हणून ते ओटावाकर. पोरंसोरं ‘ओटावाकर काका’ म्हणतात आणि तेही ‘ओ’ देतात.

कॅनडाची राजधानी ओटावा आमच्यापासून साडेचारशे किलोमीटर. सदतीस वर्षांत काका तिथे एकदाच गेले, तेही मे महिन्यात, चाळीस माणसांच्या बसमधून, ट्यूलिप बघायला. पार्लमेंटची मुख्य इमारत तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती आणि तिच्या डोक्यावर क्रेन उभ्या होत्या. ती २०१९ पासून बंद आहे, अजून काही वर्षं उघडायची नाही. “बंद होती म्हणूनच गेलो की,” काका सांगतात. “चालू असली की टीव्हीवर दिसतेच.”

कॉफी ‘डबल-डबल’. म्हणजे दोन क्रीम, दोन साखर. काकूंनी साखर बंद केलीय, पण ती घरातली. पहिला घोट घेतला की काका कप खाली ठेवतात, झाकणाची खाच बरोबर आपल्याकडे येईल असा फिरवतात आणि विचारतात, “मग? काय म्हणतंय राज्य?” हा प्रश्न नसतो. ही नांदी असते. उत्तर द्यायला गेलेले नवे लोक तोंड उघडं ठेवून बसतात आणि नाटक सुरू होतं.

काकांच्या राज्यात सगळ्या नेत्यांचं बारसं नव्याने झालंय. वडील ट्रुडो आणि मुलगा ट्रुडो, दोघेही माजी पंतप्रधान, हे ‘थोरले’ आणि ‘धाकटे’. थोरल्यांनी १९८४ च्या फेब्रुवारीत रात्री बर्फात फेरफटका मारला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, ही गोष्ट काका अशी सांगतात, की जणू मागून छत्री धरून तेच चालत होते. (ते कॅनडात आले १९८८ ला.) धाकट्यांना मात्र माफी नाही. “बापाला एका रात्रीत कळलं. पोराला कळायला नऊ वर्षं लागली,” आणि मग २०१८ च्या भारत दौऱ्यातल्या शेरवान्या निघतात. “अरे, लग्न कोणाचं होतं?” हा विनोद गेली सात वर्षं चालू आहे. आम्ही गेली सात वर्षं हसतो आहोत.

कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पिएर पॉलिएव्ह म्हणजे ‘पोळीवरे’. “मालवणकडचा वाटतो की नाही?” पोळीवऱ्यांबद्दल काकांचं मत दर पंधरवड्याला फिरतं, पण एका गोष्टीवर ते ठाम आहेत. २०२३ ला ब्रिटिश कोलंबियातल्या एका बागेत हा माणूस पत्रकाराला उत्तरं देता देता सफरचंद खात होता. त्या चित्रफितीने त्यांच्या चाहत्यांना चेव आला. काकांना ती सहनच झाली नाही. “दोन मास्तरांच्या घरात वाढलेला पोरगा! आमच्या मास्तरांसमोर असा चावत बसला असता तर सफरचंदासकट बाकावर उभा केला असता.”

मार्क कार्नींचं नाव पडलं ‘करणी’. ह्याला कारण आहे. २०२५ च्या जानेवारीत धाकट्यांचा लिबरल पक्ष पाहण्यांमध्ये वीसहून जास्त टक्क्यांनी मागे होता. काकांनी त्याचं तेरावं घालून आम्हाला जेवायलाही वाढलं होतं. ६ जानेवारीला धाकट्यांनी जातो म्हटलं, तिकडे ट्रम्प कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणत सुटले, मार्चमध्ये कार्नी पंतप्रधान झाले आणि २८ एप्रिलला तोच मेलेला पक्ष पुन्हा निवडून आला. आपलं भाकीत चुकलं हे काकांना मान्य करता येईना. मग ही करणी. “लिंबू-मिरची कुठे बांधली ते बघा,” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

कार्नींनी त्याआधी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नव्हती. पंतप्रधानपदाची शपथ घेतली तेव्हा ते खासदारही नव्हते. टेबलावरच्या तरुण मुलांना ह्याचं भारी नवल. काकांना काडीचं नाही. “आधी बँक, मग कारखाना, मग आमदारकी. आपल्याकडे अशीच शिडी असते. ह्याने आधी कॅनडाची बँक चालवली, मग इंग्लंडची. दोन जिल्हा बँकांचा चेअरमन समजा. फक्त साखर कारखाना राहिला.” थोडा विचार करून, “मेपल सिरपचा काढेल.”

निकालानंतरचं गणित त्यांनी टिमबिट्सवर, म्हणजे डोनटच्या छोट्या गोळ्यांवर, समजावलं. ३४३ जागा, बहुमताला १७२, लिबरलांना १६९. काकांनी तीन टिमबिट्स बाजूला काढून ठेवले. “तीन! तीन कमी पडतात म्हणून हे लोक डोकं धरून बसलेत. आपल्याकडे तीन माणसं म्हणजे एका रात्रीचं काम. गुवाहाटी नको, बॅन्फला काय हॉटेलं कमी आहेत? आणि पक्षांतरबंदीचा कायदाही नाही इथे!” आम्ही हसलो. नोव्हेंबरात अर्थसंकल्पाच्या दिवशी नोव्हा स्कोशियाचा एक कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार खरोखरच उठून लिबरलांकडे गेला. त्या शनिवारी काका टिम हॉर्टन्समध्ये शिरले ते सत्कारमूर्तीसारखे. खुर्चीत बसले, झाकण फिरवलं आणि एवढंच म्हणाले, “हॉटेलसुद्धा लागलं नाही.”

एनडीपी हा काकांचा दुखरा विषय, आणि दुखणं शब्दशः दातांचं आहे. ह्या पक्षाने २०२२ ला अल्पमतातल्या लिबरलांना पाठिंबा देताना जी कामं मान्य करून घेतली, त्यात दातांच्या उपचारांची सरकारी योजना होती. विमा नसलेल्या, बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी. निवृत्तीनंतर काकांचा कंपनीचा विमा गेला होता, खालचे दात आधीच गेले होते. योजनेत कवळी बसली. त्या कवळीने काका पहिलं काय करू लागले असतील, तर पक्षाचे तेव्हाचे नेते जगमीत सिंग ह्यांच्यावर टीका. “पाठिंबा द्यायचा आणि वर ओरडायचं! शेवटी करार फाडून टाकला. काय मिळालं?” त्यांच्या तोंडातच मिळालेलं चकाकत असतं. निवडणुकीत एनडीपीच्या सात जागा आल्या, सिंग स्वतः पडले, बाराचा आकडा नाही म्हणून संसदेत पक्षाचा अधिकृत दर्जाही गेला. “सात?” काका म्हणाले. “कोल्हापूरच्या वडापला सात माणसं ड्रायव्हरच्या शेजारीच बसतात.” पण त्या दिवशी त्यांनी बेगल घेतला नाही. कॉफीच घेतली, आणि बराच वेळ गप्प होते.

खरी मजा येते ती क्युबेकवर. क्युबेकात दुकानांच्या पाट्यांवर फ्रेंच मोठं हवं, असा कायदा आहे. ब्लॉक क्युबेकवा हा पक्ष ओटावाच्या संसदेत बसतो, पण उमेदवार फक्त क्युबेकात उभे करतो. त्यांचे नेते ब्लांशे इंग्रजी वादविवादातही, आपल्याला पंतप्रधान व्हायचंच नाही, अशा निवांतपणे बोलतात. काकांचा पारा चढतो. “एका देशात राहायचं आणि आमची भाषा, आमची पाटी! ही दादागिरी झाली.”

एवढ्यात कुणीतरी खोडसाळपणे विचारतं, “काका, बेळगावात पाट्या कुठल्या भाषेत हव्यात?”

“मराठीत.”

“मग?”

“ते वेगळं.”

का वेगळं, हे आजवर कळलेलं नाही. पण ‘ते वेगळं’ म्हणताना काकांचा आवाज खाली येतो, आणि पुढची दहा मिनिटं ते ओटावाकर राहत नाहीत, बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीतले होतात. ‘होय की’, ‘तर की’ वाढतं. बेळगाव असंच आणखी एकदा निघालं. निवडणुकीत पोळीवऱ्यांच्या कार्लटन मतदारसंघात ९१ उमेदवार उभे राहिले, मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब झाली, तेव्हा सगळ्या कॅनडाला अप्रूप वाटलं. निवडणूक पद्धत बदला म्हणून काही लोकांनी मुद्दाम केलेला तो प्रकार. काकांनी हात झटकला. “९१? बेळगावात १९९६ ला लोकसभेला ४५६ उमेदवार होते! सीमाप्रश्नासाठी. ह्यांचा पंचा, आमचं नऊवारी.” त्या ४५६ मध्ये एक चुलतभाऊही होता, असं ते सांगतात. त्याला मतं किती पडली ते सांगत नाहीत. पोळीवरे कार्लटनला पडले आणि ऑगस्टमध्ये आल्बर्टातल्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा तिथे २१४ उमेदवार झाले आणि मतदारांना नाव हाताने लिहावं लागलं. “शिकतायत,” काका कौतुकाने म्हणाले.

निवडणुकीच्या त्या वसंतात ट्रम्पच्या ‘एक्कावन्नाव्या राज्या’च्या रागाने काका कडवे देशभक्त झाले होते. ओंटारियोच्या सरकारी दारू दुकानांतून अमेरिकन बाटल्या काढल्या, त्या दिवशी त्यांनी बर्बन सोडल्याचं जाहीर केलं. घरात दीड बाटली होती. तो ‘जुना साठा’. फ्लोरिडाची सहल रद्द केली. ती कधी ठरली होती, हे काकूंनाही आठवत नव्हतं. वाणसामानाच्या दुकानात एक लोणच्याची बरणी हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, बरणी नाकाला लावून ते वाचत उभे राहायचे. “‘मेड इन कॅनडा’ म्हणजे नुसतं बनवलं इथे. ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ म्हणजे जवळजवळ सगळंच इथलं. फसू नकोस.” मागे ढकलगाड्यांची रांग. ‘एल्बोज अप’ ही हॉकीतली घोषणा तेव्हा जो तो देत होता, कार्नींनीही दिली. काका तिचा अर्थ नव्या आलेल्यांना समजावत. “कोपर वर. आपल्याकडे नमस्कार कोपरापासून करतात, इथे दणका.” फ्रेंच वादविवादाची वेळ मॉन्ट्रिआलच्या हॉकी सामन्यामुळे दोन तास अलीकडे आणली, तेव्हा मात्र त्यांना ह्या देशाबद्दल खरं प्रेम वाटलं. भारत-पाकिस्तान सामना असताना सभा ठेवणारा पुढारी त्यांनीही पाहिला नव्हता.

आता सांगायला हवं. ओटावाकर काकांना मत नाही.

सदतीस वर्षं ते कायम रहिवासी आहेत. दर पाच वर्षांनी कार्ड नवं करतात, नागरिकत्वाचा अर्ज करत नाहीत. मत फक्त नागरिकाला. विचारलं की कारणं तयार असतात. एक, राजाशी निष्ठेची शपथ. “ज्या बेळगावात १९२४ ला गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तिथला माणूस इंग्रजांच्या राजाची शपथ घेणार?” दोन, भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. शहापूरला दोन एकर भात आहे. ते परदेशी माणसाच्या नावावर नको. तिसरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. चोपन्नच्या पुढच्यांना नागरिकत्वाची परीक्षा नसते. “नुसता फॉर्म भरायचा? मला माहितीये ते कोणी विचारणारच नाही?” ह्या एका कारणात मला दम वाटतो.

काकूंनी नागरिकत्व कधीच घेतलं. त्यांच्या नावावर भात नव्हता.

२८ एप्रिलला काकांनी सकाळपासून चार फेऱ्या मारल्या. ज्यांच्याकडे गाडी नाही अशा दोन म्हाताऱ्या, एक विद्यार्थी, मी (माझी गाडी दुरुस्तीला होती) आणि शेवटी काकू. शाळेच्या व्यायामशाळेत मतदान होतं. काका गाडीतच थांबले; आत गेलो तर तोंड चालेल, अशी भीती. बाहेर आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न. “पेन्सिलच दिली ना? नीट दाबून केलीस ना फुली?” पेन्सिलच्या फुलीवर देश चालतो, ह्यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

काकू आल्या. पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला. काकांनी गाडी सुरू केली नाही.

“कुणाला?”

“गुप्त असतं ना ते?”

“अगं, मी काय परका?”

काकूंनी पर्स उघडली, रुमाल काढला, परत ठेवला. “दूध संपलंय. जाताना घेऊ.”

मागच्या सीटवर बसून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चार महिने सगळ्या देशाची मतं मोजणारा माणूस आपल्या शेजारच्या सीटवरचं एक मत मोजू शकला नाही. दूध मात्र काका ‘प्रॉडक्ट ऑफ कॅनडा’ बघूनच घेत होते.

मे महिन्यात क्युबेकातल्या तेरबोनची फेरमोजणी झाली आणि लिबरल उमेदवार एका मताने जिंकली. टपालाने पाठवलेलं एक मत पाकिटावरचा पोस्टल कोड चुकीचा छापल्यामुळे परत गेलं होतं, असंही पुढे निघालं. फेरमोजणीच्या त्या रात्री काकांनी अकरा जणांना फोन केले. मीही त्यातला. “एका मताची किंमत कळली का तुम्हा लोकांना? अरे, एक मत! घरात बसून राहता, मग बोंबलता!”

मागून काकूंचा आवाज आला. “त्यांना विचारा, गेल्या वर्षी मुलीने आणून दिलेला फॉर्म कुठे ठेवलाय.”

फोनवर क्षणभर काहीच नाही. मग काका हळूच म्हणाले, “पेरणी तोंडावर आलीय रे. ती उरकू दे, मग बघू.”

नोव्हेंबरात, त्या पक्ष बदललेल्या खासदाराच्या शनिवारी, मी पुन्हा विचारलं. काकांनी कपाचं झाकण फिरवलं, खाच आपल्याकडे आणली.

“भात कापायला आलंय,” ते म्हणाले. “घरात येऊ दे.”